रत्नागिरीची फुरशी आणि बरणीवरची चिठ्ठी

रत्नागिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हापूस आंबा येतो, लोकमान्यांचे जन्मस्थान येते, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा वाडा येतो आणि सावरकरांच्या स्थानबद्धतेची तेरा वर्षे येतात. आज आम्ही ज्या रत्नागिरीविषयी बोलणार आहोत ती यांहून वेगळी आहे. ती काचेच्या बरण्यांत आहे. मद्यार्कात बुडवून ठेवलेले साप, पाली, बेडूक, देवगांडुळे, आणि प्रत्येकाच्या मानेला किंवा पायाला दोऱ्याने बांधलेली एक चिमुकली चिठ्ठी. एका खेडवळ जिल्ह्यातले हे सरपटणारे आणि उभयचर जीव दीडशे वर्षांत कोणी गोळा केले, त्यांच्यावर काय लिहून ठेवले आणि त्या लिहिण्याचा पुढे कोणाला काय उपयोग झाला, हा आजचा विषय. वैशाखाच्या संध्याकाळी थंड हवेला म्हणून आलेल्या मंडळींना सापांच्या गोष्टीत बसवणे जरा अवघडच. पण या गोष्टीत माणसांच्या मरणाचाही हिशेब आहे, म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

प्रथम एक आकडा सांगतो. जॉर्ज विल्यम व्हिडाल नावाचे एक मुलकी अधिकारी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात कोकणात होते. पक्ष्यांचा मोठा नाद. दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी त्यांनीच १८८० साली प्रसिद्ध केली. त्यांना सापांचाही नाद होता. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने मारलेल्या सापामागे बक्षीस लावले होते, आणि त्या बक्षिसापायी सहा वर्षे, दर वर्षी सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली, असे व्हिडालसाहेबांनी नमूद केले आहे. आपण कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर सहा वर्षांचा आकडा साडेतेरा लाखांवर जातो. म्हणजे रोजची सहाशेच्या वर फुरशी, एका जिल्ह्यात, सणवार न वगळता.

फुरसे हा काही भपकेबाज प्राणी नव्हे. नागासारखी फणा नाही, घोणसासारखा जाडजूड देह नाही. कोकणातले फुरसे लांबीने बहुधा हातभरही भरत नाही. रंग मातकट, कुशीवर फिकट नागमोडी रेघ, डोक्यावर बाणासारखी किंवा पाखराच्या पावलासारखी एक खूण. अंगावरचे खवले करवतीच्या दात्यांसारखे कंगोरेदार असतात. डिवचले की ते वेटोळ्यावर वेटोळे घासते आणि करकर आवाज करते. आणि तो आवाज ऐकूनही जो हात मागे घेत नाही त्याला ते चावते. विष रक्तावर चालते. रक्त गोठायचे थांबते, हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून ते वाहू लागते. नागाच्या दंशाने माणूस काही तासांत जातो. फुरशाच्या दंशाने कित्येकदा दिवस जातात. घरच्यांना वाटते, आता धोका टळला, आणि मग तो जातो. या दिरंगाईमुळेच कितीतरी मृत्यू फुरशाच्या खात्यावर न पडता दुसऱ्याच रोगाच्या खात्यावर पडले असावेत, अशी आम्हाला शंका आहे.

कोकणातला जांभ्या दगडाचा सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना फुरसे कोठे राहते हे सांगायला नको. उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा, पावसाळ्यात हिरवागार होणारा तो उघडा कातळ. त्यावर सुटे पडलेले दगड, शेतांच्या कडेचे गडगे, गवताच्या गंज्या. दगड उलटला की खाली विंचू, गोम किंवा फुरसे. बक्षिसाच्या त्या वर्षांत किती दगड उलटले गेले असतील याची कल्पना करा. गरीब कुळाला, गुराख्याच्या पोराला, चार पैसे मिळण्याची ती एक वाट होती. सरकारला दोष देण्यातही अर्थ नाही. जोसेफ फेरर या डॉक्टराने १८६९ सालासाठी हिंदुस्थानच्या एका भागातूनच सर्पदंशाच्या मृत्यूंचे आकडे मागवले तेव्हा ते ११,४१६ भरले होते, आणि ते अपुरे आहेत हे त्यालाही ठाऊक होते. काहीतरी करायला हवे होते. सरकारला सुचले ते हे, की साप मारा आणि मोजा.

आता आमचा प्रश्न असा : या साडेतेरा लाख सापांतून आपल्या हाती काय उरले? एक सरासरी उरली. कोणत्या गावातून किती आले, कोणत्या महिन्यात आले, नर किती, मादी किती, पोटात पिले होती की नाही, त्यांनी काय खाल्ले होते, यातले काही त्या सरासरीतून निघत नाही. इतकेच काय, ती सगळी फुरशी होती का, हेसुद्धा आज सांगता येत नाही. फुरशासारखाच दिसणारा मांजऱ्या साप कोकणात असतो. अंगावर तसेच ठिपके, तसाच आकार, तसेच वेटोळे घालून फूत्कारणे. पण माणसाला त्याच्यापासून धोका नाही. कचेरीतला कारकून बिचारा मोडी वाचण्यात आणि रोजकीर्द लिहिण्यात हुशार. वास मारणाऱ्या, ठेचलेल्या सापाच्या डोक्यावरचे खवले त्याने मोजावेत ही अपेक्षाच चुकीची. व्हिडालसाहेबांना ही अडचण चांगली ठाऊक होती. १८९० साली त्यांनी उत्तर कानड्यातील विषारी सापांवर जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच पुष्कळ विषारी जाती नीट ओळखल्या जात नाहीत ही तक्रार आहे. मुंबई इलाख्यातील मृत्यूंना नागापेक्षा फुरसेच अधिक जबाबदार आहे, असे त्यांचे मत होते. मत बरोबर असेल. परंतु ते पडताळून पाहायचे कसे? मारलेला साप फेकून दिला, जाळला, पुरला. तक्ता उरला. आणि तक्त्यातला साप पुन्हा उचलून त्याचे खवले मोजता येत नाहीत.

याच काळात, याच मुंबई इलाख्यात, अगदी निराळ्या पद्धतीने साप जमवण्याचा उद्योग सुरू झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांतले दोघे आपले होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे वनस्पतिशास्त्रात रमणारे डॉक्टर, आणि ज्यांच्या खटल्याने सारा देश गाजला त्या रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासात आपण या दोघांना भेटतो. बरण्यांच्या इतिहासात भेटत नाही. असो.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८८४ मध्ये, सोसायटीचा संसार फोर्ब्स स्ट्रीटवर एच. एम. फिप्सन यांच्या जागेत हलला. फिप्सन हे मद्याचे व्यापारी. साप जपून ठेवायला मद्यार्क लागतो, तेव्हा या योगायोगाची थट्टा त्या काळीही कोणी केली असेलच. पण गृहस्थ मोठे उद्योगी. सोसायटीचे चिटणीस म्हणून त्यांनी इलाख्यातल्या कलेक्टरांना, डॉक्टरांना, रेल्वेच्या आणि जंगलखात्याच्या लोकांना साप पाठवण्याची गोडी लावली, आणि १८८७ साली मुंबई इलाख्यातील विषारी सापांवर स्वतः लेख लिहिला. सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले होते. मग कोणी लोणच्याच्या बरणीत साप घालून पाठवी, कोणी रॉकेलच्या डब्यात. पुष्कळदा तो मुंबईला पोचेपर्यंत कुजून जाई.

साप नीट आला तर पुढे काय करतात, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण मुद्दा तेथेच आहे. पोटात टाचणीएवढ्या छिद्रातून टिकवण्याचे द्रव्य भरतात, अलीकडे फॉर्मॅलिन. मग साप वेटोळे करून काही दिवस घट्ट होऊ देतात आणि शेवटी मद्यार्काच्या बरणीत सोडतात. गळ्यात चिठ्ठी. तिच्यावरचा आकडा आणि नोंदवहीतला आकडा एकच. वहीत लिहायचे ते असे : जात, नर की मादी, गाव, तारीख, आणणाऱ्याचे नाव. या पाच-सहा रकान्यांतला जातीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. जात चुकली तर शंभर वर्षांनी कोणीही झाकण उघडून ती दुरुस्त करू शकतो, कारण साप समोर आहे. गाव आणि तारीख चुकली किंवा राहिली तर ती दुरुस्त करणारा पृथ्वीच्या पाठीवर कोणी नाही. सापाला विचारून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट बरणीत टिकत नाही. ती म्हणजे रंग. हरणटोळासारखा पोपटी साप मद्यार्कात काही दिवसांत निळा होतो. पिवळा रंग विरघळून जातो आणि त्याच्याखालचा निळा राहतो. बेडकांची तर फारच दैना होते; सोन्यासारखा भेक उकडलेल्या बटाट्यासारखा दिसू लागतो. म्हणून जिवंतपणीचा रंग ज्याने त्याच दिवशी लिहून ठेवला त्याचेच काम उपयोगी पडते. आमच्या मते निसर्गाच्या अभ्यासात डोळ्यांइतकाच टाकही चालला पाहिजे, आणि आपल्याकडे टाक जरा आळशी आहे.

गावाचे नाव राहिले की काय होते, याचे एक उदाहरण फिप्सन यांच्याच नावाचे आहे. ज्यांना आपण खापरखवल्या म्हणतो, जमिनीत राहणारे, शेपटी तासल्यासारखी असलेले निरुपद्रवी साप, त्यांतल्या एका जातीला १८८८ साली फिप्सन यांचे नाव मिळाले. मूळ नमुना कोठला? तर ‘मुंबईचे घाट’. आता मुंबई इलाख्याचे घाट म्हणजे थळघाट, बोरघाट, कुंभार्लीघाट, आंबाघाट, फोंडाघाट, कोणते ते आपण ठरवा! खापरखवल्या काही प्रवासी पक्षी नव्हे. डोंगराच्या एका सोंडेवरचा प्राणी दरी ओलांडून दुसऱ्या सोंडेवर जाईल याची खात्री नसते. अशा प्राण्याला ‘मुंबईचे घाट’ असा पत्ता देणे म्हणजे पाकिटावर ‘सदाशिवराव, महाराष्ट्र’ एवढे लिहून ते टपालात टाकण्यासारखे झाले.

रत्नागिरीच्या चिठ्ठ्यांची तऱ्हा याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे इतिहासानेच घोटाळा करून ठेवला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड १८८० साली निघाला, त्याचे नावच ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’ असे आहे. दोन्ही प्रदेश एका खंडात, पण राज्ये दोन : रत्नागिरी इंग्रजांचा जिल्हा, सावंतवाडी संस्थान. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि रत्नागिरी जिल्ह्यात आले. १ मे १९८१ रोजी दक्षिणेचा भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. परिणाम काय झाला पाहा. आंबोलीच्या घाटमाथ्यावर एकाच ओढ्याच्या काठी तीन पिढ्यांनी तीन बेडूक धरले, तर प्रामाणिकपणे लिहिलेल्या तीन चिठ्ठ्यांवर तीन पत्ते येतील : सावंतवाडी, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. उलट देवगडच्या सड्यावरचे १९७० सालचे फुरसे आणि दापोलीच्या सड्यावरचे त्याच सालचे फुरसे, दोन्ही ‘रत्नागिरी’. मधले अंतर कितीतरी मोठे. ज्याला नकाशा आणि तारीख एकत्र वाचता येत नाही त्याने या चिठ्ठ्या वाचू नयेत. एखाद्या जातीचे प्राणी रत्नागिरीतून ‘नाहीसे झाले’ असे म्हणण्यापूर्वी, ते जिल्ह्याच्या हद्दीबरोबर सिंधुदुर्गात तर गेले नाहीत ना, हे पाहणे बरे.

आता ज्या गावासाठी हा सारा प्रपंच मांडला त्या गावाकडे येतो. गावाचे नाव दोर्ले. रत्नागिरी जिल्ह्यातले एक खेडे. इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचे नाव आम्हाला भेटलेले नाही. पण जगातल्या सरीसृपशास्त्राच्या पुस्तकांत ते आहे, आणि यापुढे राहील. १९६३ साली सोसायटीच्या नियतकालिकाच्या साठाव्या खंडात ॲलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी एका नव्या पालीचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रँडिसनबाई लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सरीसृप आणि उभयचरांच्या संग्रहावर होत्या. पाल दोर्ल्याची. लहानशी, जमिनीवर वावरणारी, अंगावर पांढुरके पट्टे, म्हणून जातीचे नाव ‘अल्बोफॅसिएटस’, पांढऱ्या पट्ट्यांची. तिला त्यांनी ज्या कुलात घातले त्यातली आधीची पाल सिंधची. सिंध कोठे आणि दोर्ले कोठे! म्हणून विद्वानांना या पालीचे कौतुक वाटले. पुढे २००८ साली ते कुलच मोडीत निघाले आणि ही पाल आपल्या घरच्या पालींच्या ‘हेमिडॅक्टिलस’ कुलात गेली. नाव बदलले, गाव बदलले नाही.

ही पाल राहते कोठे? कातळाच्या सड्यावर, सुट्या दगडांखाली.

श्रोतेहो, येथे आम्ही क्षणभर थांबतो. ज्या दगडांखाली फुरसे असते त्याच दगडांखाली ही पाल असते. बक्षिसाच्या सहा वर्षांत साडेतेरा लाख फुरशी निघाली, म्हणजे तेवढे नसले तरी लाखो दगड उलटले गेले असतील. त्यांतल्या कित्येकांखालून पांढऱ्या पट्ट्यांची ही पाल सुळकन पळाली असली पाहिजे. हे आमचे अनुमान आहे, पुरावा नाही. पण सडा तोच, दगड तेच, तेव्हा दुसरे काय मानावे? तिच्या डोक्यावर बक्षीस नव्हते. ज्याला पैशासाठी फुरसे हवे होते त्याला पाल दिसली तरी दिसली नाही. ती शास्त्राला दिसायला १९६३ साल उजाडावे लागले. सड्याच्या बाबतीत आपले एकूणच असे झाले आहे. त्याच कातळांवर कोरलेली हत्ती, मासे, माणसे यांची प्रचंड चित्रे गुराख्यांच्या पायाखाली पिढ्यान् पिढ्या होती. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे यांसारख्या ठिकाणची ही कातळशिल्पे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली ती २०२२ साली.

दोर्ल्याची गोष्ट पालीवर संपत नाही. देवगांडूळ आपल्यापैकी शेतीवाड्या असलेल्यांनी पाहिले असेल. दिसते गांडुळासारखे, पण गांडूळ नव्हे, सापही नव्हे; बेडकाचा भाऊबंद, बिनपायांचा, मातीत राहणारा. मुसळधार पावसात वर येते, आणि पुष्कळदा सापाचे पिल्लू म्हणून ठेचले जाते. २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात नमूद झाली : ‘गेगेनिओफिस शेषाचारी’. बी. आर. शेषाचार या म्हैसूरच्या प्राणिशास्त्रज्ञाने देवगांडुळांवर मोठे काम केले, त्यांचे नाव तिला दिले आहे. मूळ नमुन्याचे गाव? पुन्हा दोर्ले. त्याच वर्षी आंबोलीच्या देवगांडुळाला सोसायटीच्या जे. सी. डॅनियल यांचे नाव मिळाले. हे डॅनियल म्हणजे ज्यांनी १९६३ पासून पश्चिम भारतातील बेडकांची ओळख करून देणारी लेखमाला लिहिली तेच.

१९६३ हे साल पुन्हा पुन्हा येते, हे आपल्या ध्यानात आले असेल. त्या एकाच खंडात दोर्ल्याची पाल आहे, डॅनियल यांची बेडकांची मार्गदर्शिका आहे, आणि सोमणांनीच वर्णिलेला कोयनेच्या हुंबर्ली गावचा भेक आहे. कोयना सातारा जिल्ह्यातली, तेव्हा ती आजच्या विषयाच्या वेशीबाहेर. पण त्या भेकाचा जवळचा नातलग दीडशे किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस, आंबोलीला निघाला, वाघासारखे पिवळे-काळे पट्टे अंगावर घेऊन. पहिल्या पावसात कातळावरच्या डबक्यांत त्याचा विणीचा हंगाम उरकतो. २००९ साली त्याला ‘टायगरिना’ हे नाव मिळाले आणि दोघांचे मिळून एक नवे कुल झाले. दोन गावांच्या नावांत दोन जाती ओळखू आल्या, त्या चिठ्ठ्यांवर ‘सह्याद्री’ एवढेच न लिहिता हुंबर्ली आणि आंबोली लिहिले म्हणून.

आता बरण्यांचे गुणगान बरेच झाले. बरण्यांतही खोट आहे, ती लपवून ठेवणे बरे नव्हे. संग्रहालयातल्या नोंदींवरून जिल्ह्याचा नकाशा काढला तर तो जिल्ह्यातल्या सापांचा नकाशा होत नाही. तो साप जमवणाऱ्यांच्या मुक्कामांचा नकाशा होतो. डाकबंगला जेथे, तेथे नोंदी दाट. गाडीरस्ता संपला की नोंदी विरळ. माथेरान, महाबळेश्वर, खंडाळा, आंबोली ही हवा खाण्याची ठिकाणे बेडकांच्या यादीत एवढी ठळक का, याचे उत्तर बेडकांकडे जितके आहे तितकेच साहेबांच्या सुटीकडे आहे. पावसाळ्यात, म्हणजे नेमके बेडकांच्या दिवसांत, कोकणच्या वाटा चिखलाने बंद. तेव्हा तेथील पावसाळ्याच्या नोंदी कमी असल्या तर नवल कसले?

आणि ‘आणणाऱ्याचे नाव’ या रकान्यात जे नाव असते ते बहुधा पाठवणाऱ्याचे असते. दगड उलटणारा हात दुसऱ्याचा. फ्रँक वॉल हा लष्करी डॉक्टर सापांचा फार मोठा जाणकार होऊन गेला. डोळ्याला टेकलेला ओठावरचा खवला पाहा, पाठीवरच्या मधल्या रांगेचा खवला रुंद आहे का पाहा, असे सांगून त्याने विषारी साप ओळखण्याची रीत सामान्य माणसाच्या हाती दिली. त्याचे उपकार मोठे. पण अशा साऱ्या विद्वानांपुढे बरण्या आल्या त्या कोणा धनगराने, कातकऱ्याने, माळ्याच्या मुलाने जीव धोक्यात घालून धरलेल्या सापांच्या. वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. बक्षिसाच्या तक्त्यातही नव्हता. या एका बाबतीत सरकार आणि संग्रहालय यांत डावे-उजवे करता येत नाही.

तरीही आम्ही बरणीच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण औषध हे आहे. विषावर उतारा करतात तो घोड्याच्या रक्तातून. घोड्याला थोडे थोडे विष टोचत गेले की त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काल्मेत या फ्रेंच डॉक्टराने नागाच्या विषावर असा उतारा केला, तेव्हा सर्वांना वाटले, काम झाले. पण नागाचा उतारा फुरशाला लागू पडेना. कोणत्या प्रदेशात कोणता साप माणसे मारतो हे नक्की कळल्याशिवाय कोणाचे विष काढायचे हेच ठरेना. येथे सरासरी उपयोगी पडली नाही. खवले मोजून ओळखलेले, गावाचे नाव असलेले साप उपयोगी पडले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारा एकत्रित उतारा आज आपल्याकडे मिळतो, त्यातला चौथा हा रत्नागिरीच्या माणसाचा जुना वैरी. पुढच्या काळात रत्नागिरीच्या फुरशांना जिवंतपणी भाव आला. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमूद केले आहे, की त्यांच्याकडे एकदा २,००० फुरशांची मागणी आली, आणि देवगडच्या लोकांनी ती एका आठवड्यात पुरी केली. दगड उलटण्याची विद्या तीच; या वेळी साप ठेचायचा नव्हता, एवढाच फरक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप मारणे आणि धरणे या दोन्हींवर बंधने आली.

परंतु चिठ्ठीचा प्रश्न येथेही सुटत नाही. एकाच जातीच्या सापाचे विष सगळीकडे सारखे नसते. राजस्थानच्या वाळवंटातले फुरसे कोकणातल्यापेक्षा चांगले मोठे. १९६९ साली त्या बाजूच्या फुरशाला उपजात म्हणून वेगळे नावही मिळाले. एका प्रदेशाच्या विषावर केलेला उतारा दुसऱ्या प्रदेशात तितकाच लागू पडेल असे धरून चालता येत नाही, हे आता वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. म्हणजे घोड्याला टोचलेल्या विषाच्या कुपीलाही गाव पाहिजे. आणि हा काही विद्वानांचा खेळ नव्हे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८,००० पडतात. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. फेररच्या ११,४१६ पेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे, तो साप वाढले म्हणून नव्हे. लोकसंख्या वाढली, आणि मोजणारे घरोघर जाऊन विचारू लागले म्हणून.

सड्यावरचे दगड आता निराळ्याच कारणांनी उलटले जात आहेत. चिऱ्यांच्या खाणी वाढल्या, सुरुंग लावून कातळात आंब्याची कलमे उभी राहिली, घरे आली, रस्ते आले. पांढऱ्या पट्ट्यांची पाल दोर्ल्याबाहेर, सिंधुदुर्गाच्या सड्यांवरही सापडली आहे. ज्यांना ती सापडली त्यांना कोठल्या प्रकारची जागा शोधायची हे आधीच ठाऊक होते, कारण १९६३ च्या त्या नोंदीत गावाचे नाव होते आणि ते गाव अजून नकाशावर आहे. तिच्या शेजारच्या दगडाखालच्या फुरशांपैकी बक्षिसाच्या काळात जी कचेरीत गेली, ती कोणत्या गावची होती हे मात्र २,२५,७२१ या आकड्यातून आजही काढता येत नाही.